गांधीबागेत हरवलेली काजल

हुडकेश्वर, नागपूर
मंगळवार, संक्रांत दोन दिवसांवर

तीर्थरूप सौ. वच्छलाताई,

तुझ्या दोन्ही पायांना कामिनीचा नमस्कार. (पाय या वस्तूचं मोल मला याच आठवड्यात कळलं, म्हणून आधी पायांनाच.) तुझी तब्येत बरी असेल, भाऊजींचा खोकला उतरला असेल आणि मौद्यात थंडी आमच्यापेक्षा जास्तच असेल असं धरून चालते. माझं विचारशील तर मी पलंगावर आहे, पाय उशीवर आहेत, उजव्या अंगठ्याचं नख जांभळं पडलंय आणि राहायचं की जायचं हे मी त्याच्यावरच सोपवलंय. फोन न करता पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर बोललं की पलीकडच्या खोलीत सगळं ऐकू जातं, आणि मोबाइलवर लिहून पाठवलं तर तुझ्याआधी तुझी सून वाचते. (पोरगी गुणी आहे, पण मग ते तिच्या माहेरी, गोंदियापर्यंत पोचतं.)

तुला ठाऊकच आहे, दिवाळीनंतर आमची काजल नोकरीसाठी पुण्याला गेली. जाताना घरात दोन गोष्टी ठेवून गेली, एक तिचे धावायचे बूट आणि दुसरं एका मंडळाचं वर्षभराचं सभासदत्व. हे मंडळ दर रविवारी पहाटे नागपूरच्या एकेका भागातून धावतं. धावत धावत शहर पाहायचं म्हणे. आई, माझ्या जागी तू जा, घरातल्या घरात किती फिरशील, असं ती मला स्टेशनवर म्हणाली. आता गाडी सुटताना पोरीला नाही कसं म्हणायचं? आणि खरं सांगू का, मला ते लागलं. चोवीस वर्षं झाली मला नागपूरला येऊन, आणि मी हे शहर फक्त यांच्या स्कूटरच्या मागे एका बाजूला बसून पाहिलं आहे. एका बाजूला बसणाऱ्या बाईला रस्त्याची डावी बाजू तेवढी दिसते. परत येताना दुसरी बाजू दिसायला हवी, पण तेव्हा मांडीवर भाजीच्या पिशव्या असतात आणि तोंडासमोर मेथीची जुडी. म्हणजे अर्धं नागपूर मी मेथीतून पाहिलंय.

सराव म्हणून आधी तीन दिवस आमच्याच गल्लीत धावले. ताई, आपल्याकडे पंजाबी ड्रेस घातलेली सत्तेचाळीस वर्षांची बाई धावायला लागली की लोकांना एकच समजतं, कोणीतरी गेलं. पहिल्या दिवशी समोरच्या सुभद्राबाई चपला न घालता माझ्यामागे निघाल्या आणि कोपऱ्यावर मला गाठून रडायलाच लागल्या. कोण गेलं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण तयारी पूर्ण होती. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने गाडी आडवी घालून, बसा काकू, कोणत्या दवाखान्यात सोडून देऊ, असं विचारलं. तिसऱ्या दिवशी यांच्या ऑफिसातल्या कोणीतरी यांना फोन केला की वहिनी रागाने घर सोडून चालल्या आहेत, मानेवाड्याच्या दिशेने. यांनी तो फोन ऐकला, ठेवला आणि मला वरणात मीठ कमी असल्याचं सांगितलं. रविवारी मी धावायला जाणार आहे, पहाटे पाचला निघणार आहे, हे मी यांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मान हलली. (मान पंख्याच्या वाऱ्यानेही हलते हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.)

रविवारी शुक्रवारी तलावाजवळ जमायचं होतं. (नागपुरात हे असंच असतं.) ऑटोने गेले. सत्तावीस माणसं, सगळी नारंगी टी-शर्टात. माझाही नारंगीच, सभासदत्वाबरोबर आलेला, वरून माझी ओढणी, पण पाठीवर मोठ्या अक्षरात काजल. मंडळाचा म्होरक्या सुमंत नावाचा मुलगा आहे, फार सभ्य. त्याने यादीत पाहिलं, काजल, वय तेवीस, मग माझ्याकडे पाहिलं, आणि यादीत बरोबरची खूण केली. ओझं नको म्हणून सगळ्यांच्या पिशव्या त्याने गाडीत ठेवून घेतल्या. माझ्या पिशवीत फोन, पैसे, चष्मा. आणि मग सगळे सुटले. मीही सुटले. महाल भागापर्यंत त्यांच्या पाठी दिसत होत्या, पुढे ठिपके दिसत होते, आणि गांधीबागेत शिरल्यावर बंद कापडदुकानांच्या शटरांखेरीज काही दिसेना. श्वास म्हणजे जुन्या शिलाई मशीनसारखा वाजत होता. दोन कुत्री काही अंतर सोबत आली, पण त्यांनाही माझा वेग कंटाळवाणा वाटला असावा, ती परत गेली.

तेवढ्यात पुढच्या गल्लीतून चार नारंगी टी-शर्ट पळत गेलेले दिसले. माझ्या जिवात जीव आला. मी त्यांच्यामागे वळले, पुन्हा वळले, एका मोठ्या फाटकातून आत गेले, आणि पाहते तर चुली पेटलेल्या. ते मंगल कार्यालय होतं. नारंगीवाले लग्नाच्या स्वयंपाकाची माणसं होती आणि दूध उतू चाललं होतं म्हणून पळत होती. मी तोंड उघडायच्या आत एका बाईने मला बसायला पाट दिला आणि पुढ्यात सांबाराचा (काजल आता पुण्यात कोथिंबीर म्हणत असेल) हिरवागार ढीग लोटला, वडीसाठी निवडायला. ताई, मी चूक सांगायला हवी होती. पण पाट होता. मी बसले. आणि सांबार निवडण्यात मी मंडळातल्या कोणालाही मागे टाकू शकते, त्यामुळे अर्धा तास फार सन्मानात गेला.

त्या बाईंचं नाव अंजनाबाई. साठीच्या असतील. अर्धा ढीग संपल्यावर त्यांनी माझे बूट पाहिले.

"तू आमच्यातली नाही दिसत वं. कोठून आली?"

"हुडकेश्वरहून."

"आन् इथं कशी?"

"धावत."

"काहून? मांगं कोणी लागलं होतं का?"

मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नवऱ्याले फोन लाव ना मंग. घे हा."

त्यांचा फोन हातात घेतला आणि तेव्हा मला कळलं की यांचा नंबर मला पाठ नाही. काजलचाही नाही, तुझाही नाही. सगळे नंबर फोनला ठाऊक, मला एकही नाही. पाठ होता तो एकच, मौद्याच्या आपल्या माहेरचा, बाबांच्या खोलीतल्या काळ्या फोनचा. मी वेड्यासारखा तोच लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई फार गोड आवाजात म्हणाली.

"नाव तरी पाठ हाये का नवऱ्याचं?" अंजनाबाईंनी विचारलं.

"मधुकरराव."

"चला, तेवढं तरी हाये. ऑटो कर, घरी जाऊन पैसे दे त्याले."

मी उठलेसुद्धा. मग डोळ्यांपुढे आलं, ऑटोवाला दारात उभा, हे खाली उतरून त्याच्याशी बोलताहेत, आणि मी सोडवून आणलेल्या सामानासारखी मागे बसलेली. मी म्हटलं, मी पायीच जाते, रस्ता सांगा. अंजनाबाईंनी पदराला हात पुसले. त्या स्वतः रोज पारडीहून पायी येतात म्हणे. बडकस चौक, मग रेशीमबाग, सक्करदरा, पुढं कोणालेबी विचार, असं सांगून त्यांनी माझ्या ओढणीच्या टोकाला दोन वड्या बांधून दिल्या.

पुढची कहाणी थोडी धावण्याची, बरीचशी चालण्याची आणि शेवटी फक्त ओढण्याची. सात जणांना रस्ता विचारला, सातांनी सात रस्ते सांगितले, आणि त्यातला एक जण तर मलाच रस्ता विचारत होता. पण ताई, एक गोष्ट सांगते. वाटेत एका गल्लीच्या तोंडाशी मी थबकलेच. ज्या दवाखान्यात काजल झाली तो, आणि ज्या दुकानात माझा शालू घेतला ते, पाठीला पाठ लावून उभे आहेत. मधे एक भिंत, तिच्यावर वाळत घातलेली कोणाची तरी चादर. चोवीस वर्षं मी समजत होते की एक शहराच्या या टोकाला आहे आणि दुसरं त्या. मला तिथं रडू आलं. का ते विचारू नकोस, पाय दुखत होते हेही खरंच आहे.

साडेबाराला घरी पोचले. दार लोटलेलं होतं. हे गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी समोर उभी, घामाने भिजलेली, पाठीवर काजल, ओढणीला गाठ, एक पाय उचलून धरलेला. त्यांनी वर पाहिलं.

"आज आंघोळीला उशीर केला," म्हणाले.

मी म्हटलं, "मी पहाटे पाचला बाहेर गेले होते."

"हो?"

यांचा फोन देवघरात चार्जिंगला लावलेला होता. त्यावर काजलचे एक्केचाळीस फोन येऊन गेले होते. झालं होतं असं, की चहाच्या टपरीवर सुमंतने मोजणी केली तर सत्तावीसचे सव्वीस. त्याने सगळीकडे निरोप टाकला, काजल हरवली आहे, नारंगी टी-शर्ट, गांधीबागेत कोणाला दिसली तर कळवा. तो काजलच्या मैत्रिणीने, मुग्धाने वाचला आणि रडत पुण्याला फोन केला, तू आहेस कुठे? काजल म्हणाली, अंथरुणात. मग तिच्या डोक्यात उजेड पडला की हरवली ती कोण. सव्वीस अनोळखी माणसं अकरापर्यंत मला गल्लोगल्ली शोधत होती, पुण्यात पोरगी रडत होती, चौकीवर माझं वर्णन लिहून झालं होतं. (उंची मध्यम, वय तेवीस.) एकट्या माझ्या घरात शांतता होती. यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "सांगून जात जा."

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तिथे बसले. हरवल्याचं काही नाही ताई, गांधीबागेत हरवता येतं. पण साडेसात तास मी घरात नव्हते आणि घराला ते कळलं नाही, हे मला कुठे ठेवावं ते सुचत नाही. बूट धुऊन माळ्यावर टाकलेत. धावणं, शहर, पाय या तिन्हींशी माझा संबंध संपला. भाऊजींना नमस्कार, तुझ्या सुनेला आशीर्वाद (हे पत्र तिने वाचलं असल्यास दोनदा).

तुझीच,
कामिनी

ता. क. आज बुधवार. काल हे लिहून झाल्यावर सुमंत पिशवी द्यायला घरी आला होता. येत्या रविवारी अंबाझरीकडून जायचं आहे म्हणतो. माझ्यामागे एक माणूस ठेवीन म्हणाला. मी विचार करून सांगते म्हटलं आणि तो गेल्यावर माळ्यावर चढले. (नख राहिलं नाही.)

ता. क. दुसरा. आता ज्यासाठी पुन्हा लिहायला बसले ते. हे म्हणतात, यापुढे धावायचं तर मी स्कूटरवर तुझ्यामागे मागे येईन. आज सकाळी गल्लीत आले. माझ्या वेगाने स्कूटर चालत नाही, म्हणून पाय टेकवत येतात आणि दर दहा पावलांनी म्हणतात, बस, बस. तेव्हा एवढं कर. शनिवारी संध्याकाळी यांना फोन करून सांग की गुडघा फार दुखतो, रविवारी पहिल्या बसने या. बोलताना जरा लंगडत बोल.

ता. क. तिसरा. हे आले की भाऊजींना बाहेर पाठव आणि चहा देताना यांना सहज विचार, त्या रविवारी साडेबारापर्यंत तुम्हाला ती कुठे आहे असं वाटत होतं? मला विचारता येत नाही. जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत पत्राने कळव. काहीच बोलले नाहीत तर तसं लिही. तू साखर घालू नकोस.