नाव सांगणार नाही

प्रिय विशू,

परवा फोन तूच आधी ठेवलास, म्हणून राहिलेलं कागदावर लिहिते आहे. पत्रात मध्येच कोणाला तोडता येत नाही, हे बरं.

नाव मी सांगणार नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू घाईने चाळणार नाहीस.

विम्याच्या कचेरीतली नोकरी मुदतीआधी सोडून मी हे लीडरशिपचं, टीम बांधण्याचं कोचिंग शिकायला निघाले, तेव्हा सगळ्यात जास्त तूच हसलास. "ताई, या वयात लोक पर्वती चढतात. तू कोच? शिट्टी घेतलीस का?" तरी पहिलं काम हडपसरच्या तुझ्याच कारखान्यात दिलंस, हे मी विसरलेले नाही. पण काम दिलंस, बहीण विकत घेतली नाहीस.

तुझ्याकडे एक रीत आहे, तुला ती दिसतही नसेल. मीटिंगला चहा येतो आणि तू कप उचलल्याशिवाय कोणी हात लावत नाही. तू फोनवर असलास, की सगळ्यांच्या चहावर साय धरते. म्हणून त्या दिवशी मी तुला बाहेर बसवलं आणि तुझ्या सुपरवायझरांतल्या सर्वांत नव्या माणसाला आधी बोलायला सांगितलं. बराच वेळ सगळे पंख्याकडे बघत होते. मग मी शब्द दिला, की काय बोललात ते साहेबांना कळेल, कोण बोललं ते कळणार नाही. तेव्हा कुठे तोंडं उघडली.

मी नंतर तुला दिलेल्या अहवालातलं ते वाक्य तुला लागलं. 'मशीन बिघडलं की साहेब आधी ओरडतात, म्हणून आम्ही जमेल तितकं लपवतो.' दिवाळीची ऑर्डर परत का आली, याचं उत्तर त्यात होतं. तू विचारलंस एवढंच, "कोण बोललं? बद्रीनाथच ना? माझ्या मिठाला जागला नाही!" बद्रीनाथ असेल, नसेलही. तू दुसरं कुठलंही नाव घेतलंस तरी मी हेच म्हणेन.

खडकीच्या क्वार्टरमधली ती संध्याकाळ आठवते? बाबांची सायकल न विचारता नेऊन तू स्टेशनजवळ चाक वाकडं करून आणलंस. बाबा दारात उभे राहून "कोणी केलं?" विचारत होते आणि तू कॉटखाली. सांगत नाही म्हणून मी कॉन्व्हेंटच्या युनिफॉर्ममध्येच शिक्षेला ओणवी उभी राहिले, पण बोलले नाही. तू खालून माझ्या बुटाची नाडी घट्ट धरून ठेवली होतीस. तेव्हा माझं गप्प बसणं तुला गोड लागलं होतं, राजा.

शेफाली वहिनीही म्हणाली, "सख्ख्या भावापेक्षा परकी माणसं जवळची झाली?" तिला सांग, मी भावाचीच बाजू घेते आहे. ती माणसं पुन्हा गप्प झाली, तर बिघाड तुला मशीन बंद पडल्यावरच कळेल. आणि एकुलतं गिऱ्हाईक गेलं तर माझं दुकान बंद होईल, असं तू म्हणालास. होऊ दे. माणसांचा विश्वास विकून चालवलेलं दुकान मला नकोच आहे. या वयात मला पहिल्यांदा एक काम मनापासून आवडलं आहे, विशू. ते मी तुझ्यासाठीसुद्धा वाकडं करणार नाही.

फोन ठेवताना तू म्हणालास, "नाव सांगायचं नसेल तर यंदा राखीला येऊ नकोस." ठीक. येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा पोस्टाने पाठवते आहे, पाकिटात आहे बघ. एका हाताने आपली आपल्याला बांधता येत नाही. तेव्हा सकाळी कारखान्यात जा, ज्याच्यावर तुझा सगळ्यात जास्त संशय आहे त्याच्यापुढे हात कर आणि बांधून घे. तो बांधत असेपर्यंत ओरडू नकोस.

तुझीच, हट्टी,
ताई