प्लास्टिकची झाडं

महाड, मंगळवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आंबेनळी घाटाच्या वाटेवर बंगल्यांचे प्लॉट विकणाऱ्या कंपनीत सेल्सच्या नोकरीसाठी सकाळी मुलाखतीला गेले होते. साहेबाच्या टेबलावर काचेखाली प्रकल्पाचं मॉडेल, त्यात हिरवीगार प्लास्टिकची झाडं. खऱ्या जागेवर उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो, पोलादपुरात कुणालाही विचारा.

"मला विक्रीचा अनुभव नाही," मी आधीच सांगून टाकलं. साहेब हसला. "लागतही नाही. घरचं गल्फला कोण आहे?"

मी मूर्खासारखी बोलले, "मामू. कुवेतला."

लगेच निवड! म्हणजे नोकरी मला नाही, मामूच्या पगाराला दिली. का सांगितलं मी? थुंकावंसं वाटलं त्या झाडांवर.

निवड झाली एवढंच अम्मीला फोनवर कळवलं होतं. घरी पोचेपर्यंत तिनं कुवेतला फोन लावलेलाही. मामू खुशीत ओरडत होता, "पयला प्लॉट माझ्या नावावर कर गो! जागा बघायची गरज नाय, तू हायस ना!"

मामू हेच बोलणार, हे त्या हलकट साहेबाला सकाळीच ठाऊक होतं.