भाकरीतला तांदूळ

अहो,

आईंसमोर मला काय बोललात, ते मी विसरलेले नाही. "हिनं नाचणीत तांदळाचं पीठ घातलंय, नाहीतर साखर एवढी चढेल कशी?" लॅबनं काठावरची सांगितली होती आणि तुमच्या मशीनवर रोज दोनशेच्या वर. म्हणून मी दिघ्याला माहेरी निघून आले.

काल इथे भाच्यांना आंबा कापून देत होते. वहिनी म्हणाली, "ताई, बाबांचं मशीन हाय, तुमीपन बघा." पदराला बोट पुसून टोचलं. दोनशे चाळीस! बोट चिकट लागलं, तसे साबणानं हात धुतले आणि पुन्हा टोचलं. पंच्याण्णव.

वाशीच्या गाळ्यावर तुम्ही पहाटेपासून गिऱ्हाइकांना आंबा चिरून दाखवता. मग चहाआधी मशीन काढता आणि बोट पुसता ते सुरीच्याच फडक्याला.

आत्ता जाऊबाईंचा फोन आला. शेजारच्या गाळ्यातल्या केतनशेठच्या साखर उतरवायच्या गोळ्या तुम्ही आज दुपारपासून घेणार म्हणे, डॉक्टरला न विचारता. जेवणही निम्म्यावर आणलंय. अशा पोटी ती गोळी घेतलीत तर गाळ्यावरच कोसळाल.

एक मन म्हणतं, कोसळू देत. पण हात मघापासून फोनवरच आहे.

हे पत्र पोचेपर्यंत गोळी पोटात गेलेली असेल, म्हणून फोनच करते. एवढंच सांगेन: गोळी ठेवा, हात धुवा, पुन्हा बघा. भाकरीचा विषय मी काढणार नाही. तो तुम्ही काढायचा, आईंसमोरच.

अजून माहेरीच,
नमिता