होस्टेलमागची नाली

११ ऑगस्ट
पाणी समितीची जबाबदारी माझ्याकडे आली. "मराठीच्या मॅडमना दुसरं काय देणार," प्राचार्य म्हणाले. सगळे हसले. मीही हसले असेन. काम एवढंच: कॉलेजातली घाण पावसाच्या पाण्याबरोबर मागच्या तळ्यात जाऊ द्यायची नाही.

१३ ऑगस्ट
मुलींच्या होस्टेलमागची नाली पाहिली. नवे पेव्हर बसवताना उतार उलटा झाला. पाणी साचून. वर काळं तेल. वॉर्डन कुंदाताई कॉलेज बसच्या ड्रायव्हरकडून जळकं ऑइल मागून आणतात, ओततात.
"मच्छरासाठी, मॅडम. दोन पोरी डेंग्यूनं पडल्या. तुम्ही तळं पाहा, मी पोरींले पाहून राहिली."

१४ ऑगस्ट
तळ्यावर देवाजी. मासेमारीचा ठेका त्याचा. यंदाचं मासोळ्यांचं बीज तळ्यात सोडून झालंय.
"मोठा पाऊस आला का तेल माह्या मासोळ्यांवर. पोरी मच्छरदानी लावतीन. मासोळ्यांले काय लावू, मॅडम?"
स्वतःच हसला. मग हसणं थांबवलं.

१६ ऑगस्ट
दवाखाना. पल्लवी, सेकंड इयर, मौद्याची. प्लेटलेट उतरताहेत. तिनं इंटर्नलची तारीख विचारली. सांगितली. तिची आई जिन्यापर्यंत आली. "तेल बंद नोका करू वं बाई."
रिक्षात काय वाटलं ते लिहायला बसले. काही नाही.

१८ ऑगस्ट
प्राचार्य: नव्या पेव्हरचं उद्घाटन व्हायचंय, त्याआधी फोडायचे नाहीत. पंप? सोमवारी बघू.
मी कुंदाताईंना ऑइल थांबवा म्हटलं. हो म्हणाल्या. संध्याकाळी नालीवर ताजा थर.
भांडले नाही. माळ्याकडून नालीच्या तळ्याकडच्या तोंडाशी रेतीच्या बोऱ्या लावून घेतल्या. तेल अडलं. पाणीही.

१९ ऑगस्ट
सकाळपासून धो धो. लेक्चर नाहीत. स्टाफरूममध्ये एकटी. पल्लवी आयसीयूत, असं कुणीतरी ग्रुपवर टाकलंय. खाली हात जोडलेले इमोजी.
खिडकीतून देवाजी दिसतो. बांधावर, डोक्यावर पोतं. इकडेच पाहतोय.
आत्ता कुंदाताईंचा फोन. "तळमजल्याच्या खोल्यांत पाणी घुसून राहिलं, मॅडम. पोरी गाद्या घेऊन टेबलावर चढल्या. बोऱ्या काढू का?"
मी खिडकीतून देवाजीकडे पाहिलं.
"मॅडम? बोला नं. तुम्ही लावल्या, तुम्हीच सांगा."
फोन चालूच आहे. टेबलावर ठेवून हे लिहिते आहे. तिकडून पाण्याचा आवाज येतो, आणि मुलींचा. त्या हसताहेत की ओरडताहेत, इथून कळत नाही.