सेंधवा, धुळे, नाशिक आणि एक कोरी ओळ

प्रिय दादा,

पाकीट बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आईची साखर गेल्या महिन्यापेक्षा कमी आली आणि मीही बरी आहे. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण तुझ्या हातचं असं पाकीट मला आलं असतं तर उघडायच्या आधी मी पाणी पिऊन घेतलं असतं. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू ‘बघू’ म्हणतोस, मी ‘हो’ म्हणते आणि पुढचे दोन दिवस मी त्या ‘बघू’चा अर्थ लावत बसते. शिवाय सोबत एक कागद पाठवते आहे. त्याचा फोटो पाठवला असता तर तू दोन बोटांनी मोठा करून पाहिला असतास आणि संध्याकाळपर्यंत तो ऑफिसच्या मेसेजखाली गेला असता. हा कागद हातातच धरायला हवा.

आईच्या इलेक्ट्रिक गाडीचं नाव काढलेलं तुला आवडत नाही, हे मला माहीत आहे. चौदा महिन्यांपूर्वी, बाबांची जुनी गाडी विकल्याचं कळल्यावर, तू आईला जे बोललास ते मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकलं. बाबांना जाऊन वर्षही झालं नाही आणि तुला नवी गाडी सुचते, असं तू म्हणालास. तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांची खुशाली माझ्याकडून आणि प्राचीवहिनीकडून घेता. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, कोण चुकलं हे ठरवणारी मी कोण. मी फक्त एका खर्चाच्या अंदाजाबद्दल लिहिणार आहे.

महिन्यापूर्वी एका रविवारी सकाळी पोहे खाता खाता आईनं विचारलं, की आपल्या गाडीनं सहाशे तीस किलोमीटर जायचं तर किती खर्च येईल. कुठं जायचं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तुला माझा स्वभाव माहीत आहे. त्या दिवशी मी घराबाहेर पडले नाही. कंपनी सांगते तशी गाडी एका युनिटमध्ये आठ किलोमीटर जाते असं धरलं, चार्ज करताना जी वीज वाया जाते ती दहा टक्के धरली, रस्त्यावरच्या जलद चार्जरचा भाव युनिटला बावीस रुपये धरला, टोलचे हजार धरले. चार्जर बंद असला तर दुसरा कुठे, तोही बंद असला तर तिसरा कुठे, हे सगळं लिहिलं. दोन पानं झाली. उत्तर आलं दोन हजार नऊशे चौदा रुपये आणि तेरा तास. मोठ्या अभिमानानं आईपुढे ठेवलं. तिनं चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, मागची बाजूही पाहिली आणि विचारलं, “यात अंदाज कुठंय?”

मी कानापर्यंत लाल झाले. तुला आठवत असेलच. आपली पहिली शाळा तीच होती, ओट्याखाली पाट टाकून. आई पोळ्या लाटायची आणि आपण गणितं करायचो. गणित सोडवायच्या आधी समासात अंदाज लिहायचा आणि तो कधीही खोडायचा नाही, एवढे दोनच नियम. चुकलेला अंदाज डोळ्यासमोर राहिला तरच पुढचा सुधारतो, असं ती म्हणायची. तू मनाला येईल तो आकडा ठोकून द्यायचास. टाकीत किती बादल्या पाणी, तर म्हणे नऊशे. उत्तर साठ यायचं आणि तू लोळून लोळून हसायचास. माझे अंदाज मात्र नेहमी दोन-तीनच्या फरकानं बरोबर. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. मी उत्तर आधी गुपचूप काढायची आणि मग त्याच्या जवळचा एखादा आकडा समासात लिहायची. आईला ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, की तन्वी, तुझे अंदाज फार बरोबर येतात, मला जरा काळजी वाटते. मला वाटतं, तिला माझी अजून तेवढीच काळजी वाटते.

माझी दोन पानं तिनं नीट घडी करून बाजूला ठेवली आणि म्हणाली, कंपनीचा आकडा कंपनीच्या रस्त्यावरचा, आपण आपला काढू. पुढच्या शनिवारी आम्ही इंदूरहून महेश्वरला गेलो. निघताना तिनं कागदावर लिहिलं, जाताना दहा युनिट, येताना तेरा. मी म्हटलं, रस्ता तोच आहे की. ती म्हणाली, जाताना घाट उतरायचा, येताना चढायचा, गाडीला काय आपल्यासारखं ते विसरता येतं? दादा, तू तिला गाडी चालवताना पाहिलेलंच नाहीस. साठच्या पुढे जात नाही. मागून ट्रक हॉर्न देतो तर हसून बाजू देते. घाट उतरताना पाय उचलून घेते, मग गाडी उतारावर स्वतःच थोडी चार्ज होते आणि पडद्यावरचा टक्का एकानं वाढला की तिचा चेहरा वर्गातल्या ढ मुलानं उत्तर बरोबर दिल्यासारखा होतो. मी मात्र सबंध वेळ टक्केच बघत होते. घरून जेवढी धाकधूक घेऊन निघाले होते, तेवढीच परत आणली.

महेश्वरला जिथं जेवलो तिथल्या मालकाला तिनं सरळ विचारलं, की भिया, कूलरचा प्लग दोन तास मिळेल का, गाडी लावायची आहे. तो बाहेर येऊन बघत राहिला. अशी मोबाइलसारखी गाडी चार्ज होते हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. निघताना आईनं पाच युनिटचे चाळीस रुपये पुढे केले तर घेईना. “आंटीजी, चालीस रुपये का मैं क्या करूँगा, अगली बार इंदौर से सेव ले आना,” म्हणाला. परतीच्या वाटेवर आईनं विचारलं, सेव हल्ली अर्धा किलो केवढ्याला मिळते. मला वाटलं, खायची इच्छा झाली. घरी पोचल्यावर युनिट मोजले. जाताना साडेदहा, येताना बरोबर तेरा.

दुसऱ्या दिवशी तिचा अंदाज तयार झाला, तोच सोबतचा कागद. माझ्या दोन पानांसमोर तिचं हे अर्धं पान. त्यात जलद चार्जर एकच आहे, संगमनेरचा, दोनशे रुपयांचा. बाकी सगळी ओळखीची घरं. पहिला मुक्काम सेंधव्याला लक्ष्मणकाकांकडे, दुसरा धुळ्याला अमितामावशीकडे, तिसरा नाशिकला अनुष्काकडे. ही अनुष्का म्हणजे आईची शाळेतली विद्यार्थिनी, दहावीला गणितात दोनदा नापास झालेली, आता तिचं स्वतःचं बेकरीचं दुकान आहे. साध्या घरगुती सॉकेटवर गाडी भरायला आठ-नऊ तास लागतात, म्हणजे प्रत्येक घरी एक रात्र. तेरा तासांच्या जागी चार दिवस. आईनं प्रत्येकाला स्वतः फोन केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, की तुमच्या गीझरचं सॉकेट गाडीपर्यंत येईल का. लक्ष्मणकाकांनी मला वेगळा फोन करून विचारलं, की पद्मजावहिनी रिटायर झाल्यावर गीझर विकायला लागल्या का. अमितामावशी तर म्हणाली, सॉकेट नसेल तर बसवून घेते, पण दोन रात्री राहा.

त्या कागदावर पैशांच्या रकान्याशेजारी तिनं आणखी एक रकाना केला आहे, कुणाला किती सेव न्यायची त्याचा. लक्ष्मणकाका अर्धा किलो, अमितामावशी अर्धा किलो, अनुष्का अर्धा किलो. मी हिशेबाच्या दृष्टीनं सांगून पाहिलं, की त्यांच्या विजेपेक्षा आपली सेव महाग पडते. ती म्हणाली, असू दे, वीज त्यांच्या बिलात दिसेल, आपली सेव कुठल्या बिलात दिसणार? तरीही बेरीज अठराशेच्या आसपास आली, माझ्यापेक्षा अकराशेनं कमी. दादा, मी विजय नगरच्या ऑफिसात बसून लोकांच्या प्रोजेक्टचे अंदाज काढते आणि त्याचा पगार घेते. वाटेवर कुठली माणसं राहतात हा रकाना माझ्या एकाही शीटमध्ये नसतो.

आता एक गोष्ट सांगते, जी सांगू नकोस असं आईनं मला म्हटलेलं नाही, पण तिनंही तुला सांगितलेली नाही. बाबांची गाडी विकण्याआधी चार महिने ती त्याच गाडीवर शिकत होती. पलासियाच्या गर्दीत, रोज सकाळी सात ते आठ. तू दिवाळीला येशील तेव्हा स्टेशनवर बाबांच्याच गाडीतून घ्यायला यायचं, असं तिच्या मनात होतं. क्लच दाबून दाबून तिचा डावा गुडघा सुजायचा. सकाळी घरी आली की खुर्चीवर पाय ठेवून बर्फ लावत बसायची आणि मला सांगायची, की मुंगी चावली. चार महिने रोज मुंगी चावते का कुणाला, एवढाही प्रश्न मला पडला नाही. शेवटी डॉक्टरांनी क्लच बंद करायला सांगितला. आपल्या गाडीला क्लच नाही, दादा. डाव्या पायाला कामच नाही. तू आलास, बोललास आणि गेलास, त्या दिवशीही तिचा गुडघा सुजलेला होता. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं, मध्ये बोललं तर आणखी वाढेल. ती माझी चूक, तुझी नाही. बाबा पाठीशी घ्यायचे ती उशी तिनं विकताना काढून घेतली होती, ती आता तिच्या सीटवर असते.

सहाशे तीस किलोमीटर म्हणजे कुठं, हे तुला कधीच कळलं असेल. मला तो कागद बघितल्यावर कळलं. चौथ्या दिवसासमोर ‘पुणे’ लिहिलं होतं आणि पुढं काहीच नव्हतं. गाडी पुण्यात पोचेल तेव्हा बॅटरीत पंचवीसएक टक्के उरतील. तेवढ्यात ती परत संगमनेरलाही पोचत नाही, म्हणजे पुण्यात एक रात्र सॉकेट हवंच. ही ओळ भरल्याशिवाय अंदाज पुरा होत नाही. मी आपल्या सवयीनं म्हणाले, की तिथं चार्जिंग असलेलं हॉटेल धरू का, सेफ साइड. आईनं माझ्याकडे न बघता म्हटलं, “धर.” मी समजूतदारपणा केला असं मला वाटलं. दुपारी टेबल पुसायला गेले तर कागदाशेजारी खोडरबराचा चुरा पडला होता. आईच्या हातात खोडरबर मी कधी पाहिलेलं नाही, तूही नसशील.

कागद खिडकीशी उजेडात धर, पेन्सिलीचे वळ दिसतात. सगळ्यात खाली तुझं नाव, ‘नचिकेत, चार दिवस’ आहे. त्यावर ‘नचिकेत, एक रात्र’. त्यावर ‘हॉटेल’. तिन्ही खोडलेली, कागद तिथं इतका पातळ झाला आहे की जपून उघड. खोडलेली नाही ती फक्त त्या ओळीतली सेव. तिथं एक किलो लिहिलं आहे, लसणाची. कागद मी तिला न विचारता पाठवते आहे. पत्र टाकून आले की तिला सांगणार आहे, नाहीतर मला जेवण जाणार नाही. ती विचारणार नाही आणि मीही तुला ‘तिला ये म्हण’ असं सांगणार नाही. तुझ्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गीझरसारखं मोठं सॉकेट आहे का आणि किती दिवस मिळेल, एवढं त्या ओळीत लिहून कागद परत पाठव. पेन्सिलीनं नको, पेनानं. टाकीत नऊशे बादल्या लिहायचास, तसा लिही. तू किती दिवस लिहिशील, याचा माझा अंदाज मी पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला आहे. आयुष्यात पहिल्यांदाच उत्तर माहीत नसताना लिहिला. आठ दिवस. खोडणार नाही.

तुझीच,
तन्वी