आमच्या रक्तात खोट नाही

३ जून, सकाळी
नातू, लेकीचा मुलगा, चार दिवसांचा. पिवळाधमक. निळ्या दिव्याखाली ठेवलाय, डोळ्यांवर पट्टी. बाळाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तांबड्या पेशी साखर वापरून स्वतःला सांभाळतात, त्याला एक एन्झाइम लागतं, ते याच्यात कमी आहे. काही औषधांनी पेशी फटाफट फुटतील, जन्मभर जपा. वर्ज्य औषधांची यादी दिली. आणि हे मुलाला आईकडून येतं म्हणे! म्हणजे आमच्याकडून? मी एकतीस वर्षं व्यायामशिक्षक होतो!

३ जून, दुपारी
विहीणबाईंना वॉर्डाच्या दारातच सुनावलं, आधी तुमच्या घराण्याचं रक्त तपासा. त्या गप्प. म्हणजे कबुलीच. मुलगी रडली. बाळंतीण हळवी असते.

९ जून
ही म्हणते, तुम्हीही तपासून घ्या. मी म्हटलं, आधी तुझं माहेर तपासू. तिने पान वाढलं नाही. स्वतः वाढून घेतलं. मीठ सापडलं नाही.

१४ जून
लघवीला जळजळ. शेजाऱ्यांकडे गोळ्या होत्या. यादीत तिसरं नाव! मुद्दाम घेतल्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पाच दिवस घेणार आणि रिकामं पाकीट विहीणबाईंना पाठवणार.

१६ जून
काहीही झालेलं नाही. लघवी तेवढी काळ्या चहासारखी. पाणी कमी पडतंय.

१७ जून
दुसऱ्या मजल्यावर येताना तीनदा थांबलो. बिल्डरने पायऱ्या उंच बांधल्यात, चोर लेकाचा. सोसायटीला कडक पत्र लिहिणार. ही म्हणाली, तुमचे डोळे पिवळे दिसतात. ट्यूबलाइट बदलायला हवी.

१८ जून, हॉस्पिटल
हिमोग्लोबिन साडेसहा. जावयाने उचलून खाली आणलं म्हणे. मी चाललो असतो. रक्त चढवताहेत. हिने डॉक्टरांना गोळ्यांचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले. माझ्या वर्गात असते तर मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

२० जून
एन्झाइमचा रिपोर्ट नॉर्मल!! कोणी कोणी माफी मागायची ते लिहून काढलं. डॉक्टर म्हणतात, दुबळ्या पेशी फुटून गेल्या, उरल्या त्या कोवळ्या, कोवळ्यांत एन्झाइम जास्त असतं, त्यात बाहेरचं रक्त, म्हणून रिपोर्ट फसवा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. हरलेला माणूस मुदत मागतोच.

२६ सप्टेंबर
कमी. लॅब भिकार. दुसरीकडे दिलं.

२७ सप्टेंबर
तिथेही कमी.

२८ सप्टेंबर, संध्याकाळी
विहीणबाईंकडे गेलो. भाषण तयार होतं, मुद्दे सात. दारातच एकच वाक्य निघालं, रक्त आमचंच निघालं. त्या म्हणाल्या, माहीत आहे, डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सगळं समजावलं होतं. मुलीला माहीत. जावयाला माहीत. हिलाही. मी चिडून विचारलं, मग माझ्याशी कोणी भांडलं का नाही? त्या म्हणाल्या, तुमच्या लेकीने हात जोडले होते, बाबा दुखावतील म्हणून.

बाळाला माझ्या मांडीवर दिलं. बराच वेळ कोणाकडे बघता येईना.