सात नंबरच्या प्लॉटमधली खोडं

३ जानेवारी, सकाळी
आजपासून धडाक्यात सुरुवात. तीन महिन्यांचं कंत्राट आहे: जंगलातल्या सात नंबरच्या प्लॉटमधली मेलेली, पडलेली झाडं मोजायची, सुरी खुपसून किती कुजलीत ते पाहायचं, आत कोण राहतं ते लिहायचं. मेलेलं लाकूड भरपूर म्हणजे जंगल जिवंत, असं आमच्या प्रकल्पप्रमुख मॅडम म्हणतात. काम चोख झालं तर मला कायम करणार. झालोच म्हणायचं.

३ जानेवारी, दुपारी
टेप घरीच राहिला.

१९ जानेवारी
सर्दी. बायको म्हणते, जंगलात न जाताच कशी झाली? तिला संशोधन कळत नाही. मेलेली खोडं कुठे पळून जाणार आहेत?

८ फेब्रुवारी
गेलो एकदाचा. प्लॉटच्या तोंडाशीच खोडं आडवी. पँट फाटली, गुडघा सुजला. असं कुठे शास्त्र पुढे जातं? तसाच परतलो आणि वनरक्षकाला खरमरीत पत्र लिहिलं: प्लॉटमधल्या सर्व पडलेल्या लाकडांमुळे कामात अडथळा येत आहे, तो तातडीने दूर करावा. सही झकास आली.

२ मार्च
पत्राला साधं उत्तर नाही. या देशात कोणाला कामाची कदरच नाही. सासरे विचारत होते, कायम कधी होणार? म्हटलं, महिनाअखेर. त्यांनी शेजाऱ्यांना सांगूनही टाकलं.

२४ मार्च
मॅडम परवा पाहणीला येणार. हरकत नाही. उद्या एका दिवसात उरकतो.

२५ मार्च
सासऱ्यांना डॉक्टरकडे न्यायचं होतं. नेलं नाही, पण त्या विचारात दिवस गेला.

२६ मार्च, संध्याकाळी
प्लॉट लख्ख. औषधालासुद्धा खोड नाही. मॅडमसमोर मी वनरक्षकावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. त्याने शांतपणे खिशातून माझं पत्र काढलं. चार माणसं आठ दिवस खपली म्हणे. मॅडमनी ते दोनदा वाचलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वनरक्षक म्हणाला, "मधल्या खोडाखाली मुंगसाची पिल्लं होती. हलवताना जिवावर आलं होतं. पण साहेबांचं पत्र होतं."

मॅडमनी विचारलं, आणखी काय आठवतंय? तो एकेका मोकळ्या जागेवर उभा राहून सांगत गेला. खोड किती लांब, किती कुजलेलं, आत कोण. एकवीस खोडं, न अडखळता. मी त्याच्या मागेमागे लिहीत गेलो. तीन महिन्यांतल्या माझ्या पहिल्या नोंदी.

निरीक्षकाच्या रकान्यात मॅडमनी त्याचं नाव घालायला लावलं. अक्षर तेवढं माझं.